पहिल्या लेव्हलपासून

व्हिडिओ गेमनं पोरं बिघडतात म्हणता? मला तर त्याच्यावाचून दुसऱ्या कुणी काही शिकवलेलंच नाही. शुक्रवार पेठेत लाइट गेली की आमचा गेम पुसला जायचा. मग परत पहिल्या लेव्हलपासून. एकाच खड्ड्यात पडून पडून शेवटी तो चुकवायची वाट सापडायची. आई ओरडायची, "रोज तेच तेच. कंटाळा न्हाय येत तुला?"

आता आईच्याच डोक्यातलं पुसलं जातंय. सकाळी उठली की पहिल्यापासून सुरू. मी तुझा संजू, हे आपलं घर. मग ती विचारणार, "हे कुटं गेले?" बाबांना जाऊन कैक वर्षं झाली. पण खरं सांगितलं, की आत्ताच गेल्यासारखी रडायची. रोज नव्यानं. ते बघवेना, म्हणून मी वाट काढली.

"मंद्रूपच्या बाजाराला गेलेत की. येतील संध्याकाळी."

लई दिवस चाललं हे. ती निवांत चहा प्यायची.

परवाही तेच सांगितलं. आईनं कप खाली ठेवला.

"संजू, रोज तेच तेच. कंटाळा न्हाय येत तुला?"