तो शब्द बोलणारा शेवटचा माणूस

वर्गात जर्मन शिकवताना मी मध्येच गप्प का होतो, विचारता ना? सोनगीरला माझ्या वडिलांना, नानांना, एकदा मी कौतुकाने सांगत होतो, की जुन्या जर्मनमध्ये आपल्या ‘जो’, ‘जी’च्या जागी ‘झो’ असा शब्द चालायचा. दुसरे शब्द रुळले आणि त्या अर्थाने तो कायमचा गेला.

नाना म्हणाले, "तो बोलनारा शेवटला मानूस कोन व्हता?"

"कुणालाच माहीत नाही, नाना."

"म्हातारा व्हई. त्याना पोरे त्याले नवी बोलीमा जवाब देत व्हतीन."

मी हसलो. म्हणालो, "तसं काही नसतं, नाना."

नाना जन्मभर माझ्याशी अहिराणीत बोलले. मी एकदाही त्यांना अहिराणीत उत्तर दिलं नाही. हल्ली जीभ वळते, पण विचारणारं कुणी उरलं नाही.