तिसरी बॅटरी

जबाब देणाऱ्याचे नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. कामावर सगळे लिफ्टमामा म्हणतात. वय ५३ वर्षे. व्यवसाय लिफ्टची दुरुस्ती व देखभाल. राहणार पाण्याच्या उंच टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची तीन मजली इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे घर.

मी वरील इसम, ठाण्यात स्वतः हजर राहून, पूर्ण शुद्धीत व कोणाचाही दबाव नसताना सांगतो की,

मी वरील पत्त्यावर बायको व आई यांच्यासह राहत होतो. आता आम्ही दोघेच आहोत. सव्वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरून लोकांचे मला भरपूर चिडवून झाले आहे.

काल माझ्या धाकट्या बहिणीने याच ठाण्यात अनोळखी ड्रोनचालकाविरुद्ध तक्रार दिली. मंगळवारी सकाळी त्या ड्रोनमुळे विमानतळ बंद राहिला, तिचे विमान दुसऱ्या शहरात नेले आणि त्यामुळे आईची शेवटची भेट चुकली, अशी ती तक्रार आहे. तिला पुष्टी देणारा साक्षीदार म्हणून आज मला बोलावले आहे. बहीण माझ्यासोबत आली असून आत्ता दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे.

तो अनोळखी ड्रोनचालक मी आहे. बहिणीला हे माहीत नाही. तीन दिवस मी तिला सांगायला जातो आणि पाणी हवे का असे विचारून परत येतो.

आईचे वय ८१ होते. दोन वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडले तेव्हापासून ती जिना उतरली नव्हती. तिची खाट खिडकीजवळ होती, पण खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचा पाइप दिसतो. ती म्हणाली होती, "या पाइपाची मला आता सगळी माहिती झालीये. दुसरं काही दाखव." म्हणून गेल्या वर्षी मी हौशी लोक उडवतात तसला छोटा ड्रोन घेतला. गॅलरीत उभे राहून उडवायचा आणि त्याचे चित्र केबलने टीव्हीवर द्यायचे, अशी मी सोय केली होती.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक फेरी व्हायची. आई पडल्या पडल्या हुकूम सोडायची. "डावीकडे घे. अजून. त्या बाईच्या गच्चीवर काय वाळत घातलंय बघू." औषधाच्या दुकानदाराचे टक्कल तिने प्रथम वरूनच पाहिले आणि दोन दिवस हसत होती. समोरच्या बाईंनी एकदा ड्रोनवर छत्री उगारली, तेही आईने टीव्हीवर पाहिले आणि "बरोबरच आहे तिचं" असे म्हणाली. मी ड्रोन कधी गच्च्यांच्या फार वर नेत नसे.

मागच्या आठवड्यापासून आईला धाप लागत होती. सोमवारी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जिन्यात मला म्हणाले, "हृदय थकलंय आता. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलावून घ्या." बहीण विमानाने येण्याइतक्या लांब राहते. तिला मी तेव्हाच फोन केला. मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरणाऱ्या विमानाचे तिकीट तिला मिळाले. निघताना तिने विमानाचा फोटो पाठवला. शेपूट लाल होते. तो फोटो मी आईला दाखवला.

मंगळवारी सकाळी आई शुद्धीवर होती. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घेत होती. तिने तीनदा विचारले, "कुठवर आली?" विमाने पाण्याच्या टाकीवरून खाली येतात हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. टाकी आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आणि धावपट्टी तिच्याही पुढे तीन किलोमीटरवर आहे. मी आईला म्हणालो, "थांब, धाकटीचं विमान येताना दाखवतो तुला." ही कल्पना माझीच होती. आईने मागितले नव्हते.

रिमोटवर लाल पट्टी आली. या भागात उड्डाणास मनाई आहे असे त्यावर लिहिले होते आणि खाली 'समजले' असे बटण होते. मी ते दाबले. लिफ्टमध्ये सूचनांचे कागद मी स्वतः चिकटवतो आणि लोक वाचत नाहीत म्हणून त्यांच्यावर डाफरतो. मी ती पट्टी पूर्ण वाचली होती, हे मुद्दाम सांगतो.

माझ्याकडे तीन बॅटऱ्या आहेत. पांढरी पट्टी लावून त्यांवर १, २, ३ असे आकडे घातले आहेत. एक बॅटरी साधारण चोवीस मिनिटे चालते. रिमोटला माझा फोन जोडावा लागतो आणि मध्येच फोन आला की चित्र अडकते, म्हणून मी येणारे फोन बंद करून ठेवले होते.

आठ पन्नासला पहिली बॅटरी लावून ड्रोन टाकीच्या दिशेने नेला व सुमारे एकशे वीस मीटर उंचीवर स्थिर ठेवला. आठ सत्तावनला एक विमान आले. ते इतक्या जवळून गेले की टीव्हीवरचे चित्र हेलकावले. आई म्हणाली, "हे नाही. याचं शेपूट पांढरं आहे." मला त्या वेळी आनंद झाला, की विमान एवढे मोठे आणि स्पष्ट दिसते, म्हणजे जागा अचूक निवडली. ते अंतर पन्नास मीटरच्या आत होते आणि त्या विमानात एकशे अठ्ठावन्न माणसे होती, हे आपण मला आज सांगितले. ड्रोन इंजिनात गेला असता तर काय झाले असते तेही सांगितले.

नऊ दहा झाले, विमान आले नाही. नऊ चौदाला बॅटरी संपत आली म्हणून ड्रोन परत आणला, दुसरी लावली व नऊ वीसला पुन्हा टाकीकडे नेला. आकाश रिकामे होते. आई म्हणाली, "उशीर करते नेहमी." मी म्हणालो, "येईल, येईल." नऊ चव्वेचाळीसला दुसरीही संपली.

या वेळी बायको स्वयंपाकघरातून आली व म्हणाली, "विमान उशिरा असेल हो. राहू द्या ते आता. आईंजवळ बसा जरा." मी तिच्यावर खेकसलो. "बसून काय करू? काहीतरी करतोय ना मी?" मला नुसते बसता येत नाही. हाताला काम नसले की मी सैरभैर होतो, हा माझा जन्माचा दोष आहे. तरी मी चमच्याने आईला पाणी पाजले. दोन चमचे घेतले, तिसरा ओघळला. बायकोने उशीची खोळ बदलली. मग नऊ पंचावन्नला मी तिसरी बॅटरी लावली.

विमानतळाकडून आलेल्या वेळा आपण मला आज वाचून दाखवल्या. त्या माझ्या वेळांशी जुळतात. पांढऱ्या शेपटीच्या विमानाच्या वैमानिकाने ड्रोन पाहून कळवले व नऊ वाजून एक मिनिटाने धावपट्टी बंद करण्यात आली. विमानतळाची माणसे दुर्बिणी घेऊन टाकीच्या रस्त्यावर उभी होती. ड्रोन दिसेनासा झाला की सलग पंधरा मिनिटे वाट बघून धावपट्टी उघडतात, असा तेथे नियम आहे. पहिल्या वेळी मी सहा मिनिटे खाली होतो. दुसऱ्या वेळी अकरा मिनिटे. म्हणजे चार मिनिटे कमी पडली. बहिणीचे विमान तेव्हा वरतीच घिरट्या घालत होते.

विमान दिसत नव्हते म्हणून मी ड्रोन वर ठेवत होतो आणि ड्रोन वर होता म्हणून विमान येत नव्हते. लिफ्टमध्ये कोणीतरी वरच्या मजल्यावर दार धरून ठेवतो आणि खाली लोक बटण दाबत ताटकळतात, तसे हे झाले. अशा माणसाला मी सव्वीस वर्षे शिव्या घालत आलो आहे. बायकोचे ऐकून आणखी चार मिनिटे आईजवळ बसलो असतो तर धावपट्टी उघडली असती. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला आहे, दर वेळी चारच येतात.

दहा वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर उजव्या कोपऱ्यात, खूप लांब, एक विमान दिसले. शेपूट कोणत्या रंगाचे ते मला एवढ्या लांबून दिसत नव्हते. आई म्हणाली, "लाल आहे." ती उशीवरून मान उचलायला बघत होती, म्हणून मी गॅलरीतून आत येऊन एका हाताने तिच्या मानेखाली आधार दिला व दुसऱ्या हाताने रिमोट धरला. ते विमान आमच्याकडे न येता सावकाश वळले व लहान होत गेले. इंधन कमी झाल्याने ते दोनशे दहा किलोमीटरवरच्या शहरात नेल्याची नोंद दहा वाजून आठ मिनिटांची आहे.

तेव्हा आई जे बोलली ते मला जबाबात लिहून हवे आहे. ड्रोनमधले कार्ड मी आपल्या ताब्यात दिले आहे, त्यात चित्र आहे. पण हा ड्रोन आवाज टिपत नाही, त्यामुळे ते वाक्य माझ्याशिवाय कुठेही नाही. आई म्हणाली, "परत का चालली ही? काहीतरी विसरली असेल. लहानपणापासून अशीच. घेऊन येईल." मग तिने मान उशीवर टाकली आणि डोळे मिटले. त्यानंतर ती काही बोलली नाही.

दहा सतराला ड्रोन परत आणला व फोन सुरू केला. दहा बावन्नला बहिणीचा फोन आला. ती ओरडून बोलत होती. "दादा, आम्हाला भलतीकडेच उतरवलंय! कुणीतरी नालायक ड्रोन उडवत होता म्हणे. तासभर वर फिरवलं आम्हाला. सगळं विमान त्याला शिव्या घालत होतं. आई कशी आहे? आईला सांग, मी गाडी करून निघालेय." तिसरी बॅटरी माझ्या हातात होती, अजून गरम होती. मला लगेच समजले. काही समजायला वेळ लागला असे मी म्हणू शकत नाही. मी म्हणालो, "आई झोपलीये. तू सावकाश ये."

फोन टीव्हीच्या शेजारी ठेवून मी खाटेजवळ बसलो. आईचा हात हातात घेतला. तिच्या कानाशी मी सांगितले की धाकटी काही विसरली नाही, ती यायलाच निघाली होती, मीच तिची वाट अडवली. तिला ऐकू गेले की नाही ते मला माहीत नाही. अकरा पस्तीसला तिचा श्वास थांबला. बहीण दुपारी दोन चाळीसला पोहोचली. जिना चढून वर येताना तिच्या बुटांचा आवाज आम्हाला पहिल्या मजल्यापासून येत होता. लिफ्ट असती तर मला तो एवढा वेळ ऐकावा लागला नसता.

त्या संध्याकाळी ड्रोन मी माळ्यावर हत्यारांच्या पेटीमागे ठेवला. बायकोने ते पाहिले. ती त्याविषयी काही बोललेली नाही, पण माझ्याशीही बोललेली नाही. बहीण मात्र बोलते. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "दादा, तू निदान जवळ होतास तिच्या." काल तक्रार देताना तिने आपल्याला सांगितले, "तो माणूस सापडला तर मला त्याला एकदा समोर बघायचंय." मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

ड्रोन, रिमोट, तिन्ही बॅटऱ्या व कार्ड असे सर्व मी आज पिशवीतून आणून स्वखुशीने जमा केले आहे. कार्डावरचे चित्र मी पाहिलेले नाही. माझ्यावर जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे. मी त्या कारवाईविरुद्ध काही बोलणार नाही.

माझी एकच विनंती आहे. जबाब वाचून दाखवण्याचा नियम आहे, तेव्हा वाचाच. पण खोलीचे दार उघडे ठेवून वाचा, बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझ्याने तिला सांगणे होत नाही.

वरील मजकूर दार उघडे ठेवून मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, कोठे कमीजास्त नाही.

वाचन संपल्यावर आणखी सांगतो की, बहीण दारात येऊन उभी राहिली. तक्रार मागे घेणार का असे तिला विचारण्यात आले. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, मी काही विसरले नव्हते रे." हे वाक्यही माझ्या सांगण्यावरून जबाबात घेतले, मला वाचून दाखवले. बरोबर आहे.