बेढब कुणाला म्हणावं?

मंडळी, मला एक सांगा — बेढब म्हणजे काय हो? ज्याची ढब गेली, आकार बिघडला, ते बेढब! एवढं सोपं? मग या ढेरपोट्या बुवाला काय म्हणाल? हसा, हसा, मलाच म्हणतोय! पण हा शब्द वापरायचा कुणासाठी? ऐका.

केरोबा तांबट. हात सोन्याचा, जीभ मात्र विळ्याची! भांड्याला जरा पोचा दिसला, की म्हणायचा, "बेढब! मोडीत घाला!" तीस वर्षं हेच. आणि एके दिवशी त्याच्या बायकोच्या, सगुणेच्या तोंडावरनं वारं गेलं. ओठ एका अंगाला ओढला गेला. जीव वाचला हो! पण बाई तोंडावर पदर ओढून भिंतीकडं वळून जेवायला लागली. दोन घास, की ताट बाजूला. वाळत चालली! केरोबाच्या जिवाला घोर लागला. "सगुणे, इकडं बघ की." — ती बघेल तर शपथ!

अशात ठकूआजी तांब्याची घागर घेऊन आली. "केरोबा, बूड गळतंय. तेवढी झाळ लाव."

केरोबानं झाळ लावली. पण मंडळी, सवय जाते का कुठं? घागरीच्या कुशीला हा एवढा पोचा! "बेढब!" म्हणाला, हातोडी घेतली आणि मठारून पार गोल केली. वाटलं, म्हातारी खूश होईल.

म्हातारीनं घागर कमरेवर घेतली — सटकली! पुन्हा घेतली — पुन्हा सटकली! आजी रडायलाच लागली. "अरे मेल्या, चाळीस वर्षं कमरेवर बसून तो खळगा पडला होता. तिला बेढब म्हणतोस? माझ्या अंगाजोगी झाली होती रे ती!"

केरोबा खजील झाला. लाकडी मोगरी घेतली. घागर आजीच्या कमरेला लावून बघायची, खाली घेऊन दोन हलके ठोके द्यायचे, पुन्हा लावायची. दुपार टळली तेव्हा कुठं घागर बसली.

मग तो घरात गेला. सगुणा भिंतीकडं तोंड करून बसलेली. यानं काय करावं? आपलं ताट उचललं आणि भिंत नि बायको यांच्या मधल्या हातभर जागेत अंग चोरून बसला!

"अहो, हे काय! नका बघू. बेढब झालेय मी."

"सगुणे, हा शब्द तू माझ्याच तोंडून ऐकलास. चुकलो मी. तीस वर्षं या तोंडानं माझ्यासंगं हसलीस, रडलीस, भट्टीचा धूर गिळलास. त्याला मी बेढब म्हणेन होय गं?"

पदर सरकला. वाकड्या ओठातून आमटीचा ओघळ हनुवटीवर आला. केरोबानं आपल्या उपरण्यानं पुसला. आणि ती हसली, मंडळी! वाकडं हसली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

आता तुमच्याकडं वळतो! तुमच्या घरी भिंतीकडं तोंड करून कोण जेवतं? हात थरथरणारे वडील? बाळंतपणात अंग सुटलेली सून, जिची तुम्ही चारचौघांत थट्टा केलीत? खाली काय बघताय? आज घरी जा, देवाचं नाव घ्या आणि आपलं ताट त्यांच्यासमोर मांडा. ते जेवेपर्यंत उठू नका.