अस्वलाची चाल

अमेरिकेत डुलुथला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी बसले होते. मुलीच्या टॅबवर चिलखत घातलेलं अस्वल चालत होतं.

"सिग्ने, तू बनवतेयस त्या गेममधलं वर्षभर अडलेलं अस्वल ते हेच ना?"

"हेच. रुबाबदार काढलं की खोटं वाटायचं. परवा जमलं एकदाचं."

"पण हे डावा पाय ओढतंय."

"हो."

"सरदार ना हा? लंगड्याला कोण खेळायला घेईल?"

"घेतायत, बाबा. मित्रमैत्रिणींना खेळायला दिला, तर सगळ्यांनी ह्यालाच निवडलं."

"अन् जिन्यात कठडा धरून का थांबतो?"

"दम खायला. तू थांबतोस तसा."

म्हाताऱ्यानं टॅब डोळ्यांजवळ धरला.

"मग चिलखत जरा सैल कर. छातीशी काचतंय त्याला."