नीट चालणारं इंजिन

— नाही, थांब, लगेच चालू करू नकोस. आधी बॉनेट उघड आणि हात लावून बघ. गार आहे ना? म्हणजे तू यायच्या आधी मी ती गरम करून ठेवलेली नाही. विकणारे तसं करतात, ठाऊक आहे मला — थंडीत डिझेल कसं उठतं ते गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. तुला अरेतुरे केलं तर चालेल ना? आमच्या वेन्डेलच्या वयाचा दिसतोस. वेन्डेल म्हणजे माझा मुलगा. हं, फिरव आता चावी. ऐकलंस? पहिल्या फटक्यात. बाहेर बादलीतल्या पाण्यावर साय धरलीय बर्फाची, आणि ही बघ कशी गुरगुरतेय. पुरे, कर बंद. इंजिनात काही खोट नाही हिच्या. आता नाही. ऑर्विलनं — माझ्या नवऱ्यानं — अख्खं इंजिन बाहेर काढून पुन्हा बसवलंय, एकेक बोल्ट स्वतःच्या हातानं. म्हणून तर तेल एवढं स्वच्छ दिसतंय तुला.

का काढलं म्हणजे? सांगते ना. या नव्या गाड्यांचं काय आहे — ताकद भरपूर, अगदी गुरांनी भरलेला ट्रेलर चढावर खेचतात आणि आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. आमची जुनी पिकअप चुलीसारखी धूर ओकायची, दार दोरीनं बांधलेलं असायचं, पण तिनं कधी वाटेत सोडलं नाही. ही आणली आणि पहिल्याच हिवाळ्यात समोर पिवळा दिवा. धूर साफ करायला ते निळ्या डब्यातलं औषध घालतात ना, ते खराब आहे म्हणे. नवा डबा फोडून घातला होता ऑर्विलनं! पण गाडीला कोण सांगणार? ती आपली समोर लिहून दाखवते — इतके मैल जाऊ देईन, मग वेग कमी करीन, मग माणसाच्या चालीनं चालेन. घरातल्या भाडेकरूला नोटीस द्यावी तशी. माईल्स सिटीला कंपनीच्या गॅरेजात नेली, त्यांनी वायर जोडून कॉम्प्युटर लावला, सेन्सर बदलला. महिना बरा गेला. पुन्हा दिवा, पुन्हा सेन्सर. धान्याच्या कोठाराशेजारी कॉफी पितात ना सगळे सकाळी, तिथं दुसरा विषय नव्हता. व्हर्जिलच्या गाडीचा डिझेलचा पंप आतल्या आत भुगा झाला, लोखंडाचा कीस पार इंजिनभर पसरला. कुणाच्या धुराच्या नळीत काजळी साठली, कुणाचं आणखी काही. आणि हाल्वर — त्याची गाडी अगदी हीच, हाच रंग — वर्षानुवर्षं एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नाही. तो बिचारा त्या टेबलाशी अपराध्यासारखा गप्प बसायचा. सांगायचं एवढंच, की नशिबाचा खेळ आहे. तुला चांगली लागेल. का नाही लागणार?

हिवाळ्याच्या तोंडावर का विकतेय — हो, विचारशीलच तू. मीही विचारलं असतं. गुरं विकली आम्ही. गुरं नाहीत तर एवढी गाडी कशाला? झालं, एवढंच. — असं बघू नकोस. मला खोटं बोलता येत नाही, ऑर्विल नेहमी म्हणतो. वेन्डेल वासरांचं औषध आणायला गेला होता हिच्यातून. गेल्या जानेवारीत. जाताना आभाळ निरभ्र होतं. परतताना त्या वरच्या माळावर — तू आलास ना त्याच रस्त्यानं, जिथं मैलोन्‌मैल घर नाही — तिथं वादळानं गाठलं आणि हिनं वेग कमी केला. पिवळा दिवा, मग लाल, मग माणसाची चाल. मग पंपानं मान टाकली. त्या माळावरून फोन लागतो. त्यानं बापाला विचारलं, काय करू, चालत येऊ का? ऑर्विल म्हणाला, गाडी सोडू नकोस, आतच बस, मी येतो. बरोबरच सांगितलं त्यानं. इथलं शेंबडं पोर हेच सांगेल. गाडी सोडून चालत निघालेला माणूस वसंतात सापडतो. ऑर्विल ट्रॅक्टर घेऊन निघाला, त्याला स्वतःचे हात दिसेनात, कुंपण तोडून खड्ड्यात गेला, तारेला धरून घरी परत आला. बर्फ काढणारी गाडी सकाळी पोचली. वेन्डेल आतच बसला होता. सांगितलं होतं तसा.

नको, टोपी काढू नकोस. गार आहे इथं.

कंपनीनं माणूस पाठवला होता. सभ्य होता, बूट पुसून घरात आला. कॉम्प्युटरमधलं सगळं वाचून म्हणाला, वेग कमी झाला तो नियमाप्रमाणेच, गाडीनं जे करायचं तेच केलं. पंपाचं मात्र सांगता येत नाही म्हणाला.  ऑर्विलनं गाडी इथं शेडमध्ये आणवली आणि इंजिन खोलायला घेतलं. वसंत गेला, उन्हाळा गेला, गवत कापायचं राहिलं, गुरं मी विकली — तो याच बाकावर, एकेक भाग पुसतोय, डोळ्यांशी धरतोय. मी म्हटलं करू दे, हाताला काम असलं म्हणजे माणूस टिकतो. जेवायला यायचा, झोपायचा. दाढीसुद्धा करायला लागला होता. मग सप्टेंबरात एक दिवस चालू झाली. मला वाटलं, सुटलो. पण तेव्हापासून तो रोज सकाळी हिच्यात जाऊन बसतो. चालू करतो, कान देतो, बंद करतो. जात कुठंच नाही. रेडिओवर हवामान लागलं की मात्र हातातला चमचा खाली ठेवतो.

सीटच्या मागं काय शोधतोस? घोंगडी, फावडं? तिथं नाहीत. ते — त्या फळीवर आहेत. बघ. घोंगडी, फावडं, मेणबत्तीचा डबा, काडेपेटी, सुकं मांस. या भागात नोव्हेंबरात हे सामान कुणी गाडीतून काढत नाही. वेन्डेलनंतर ऑर्विलनंच सगळं नवं आणून भरलं होतं. आज सकाळी मी अंडी आणायला आले तर फळीवर मांडलेलं. घोंगडीची घडी बघ, कशी चौकोनी. फेकून दिलं असतं तर मी घाबरले नसते.

उद्या दुपारनंतर उत्तरेकडून वादळ येतंय. तूही ऐकलं असशील.

म्हणून तुला इतक्या घाईनं बोलावलं. शेजारच्या ड्वेन स्कोगनला म्हटलं, ऑर्विलला गुरांच्या लिलावाला घेऊन जा, नुसता बसेल. तो परत येऊन त्या माळाची वाट धरायच्या आत गाडी गेली पाहिजे. तू जे देशील ते दे. नको देऊस, तरी ने. — का नाही? गाडी चांगली आहे, तूच ऐकलंस. अरे, माझ्यासाठी ने. फाटकाबाहेर गेलास की वाटेल तिथं विक.

बरं. बरं, ठेव चावी तिथं. तुझी बायको काय म्हणेल, तेही खरंच. मी कशाला एवढं बोलले? सरळ बोलले असते तर नेली असतीस.

चावी लपवून काय उपयोग? तारा जोडून चालू करील तो, सगळं इंजिन पाठ आहे त्याला. — ती दाराबाहेरची बादली दे इकडं. वरचा बर्फ फोड. नाही, मीच उचलते, तू हात लावू नकोस, उद्या कुणी विचारलं तर तुझा हात नको यात. निळं झाकण नाही, ते त्या औषधाचं; शेजारचं हिरवं. डिझेलचं. ओतलं. साधं पाणीच आहे. व्हर्जिल म्हणतो, या पंपांची वाट लावायला घोटभर पाणी पुरतं, ही तर बादली आहे. मी चालू करून ठेवते, ते पंपापर्यंत पोचेस्तोवर.

ओरडेल माझ्यावर. ओरडू दे, जानेवारीपासून ओरडलेला नाही. मग बाकावर बसेल आणि पहिला बोल्ट सोडवायला घेईल. टाकी, नळ्या, पंप — निदान बर्फ वितळेपर्यंत पुरेल. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघीन.

तू नीघ. वाटेत ड्वेनची लाल गाडी दिसेल, त्याच्या शेजारी बसलेला तो ऑर्विल. स्टिअरिंगवरून एक बोट उचल, वाटेत भेटलेल्याला इथं सगळे उचलतात, आणि पुढं जा. थांबू नकोस. त्यानं थांबवलं तरी थांबू नकोस.

अजून उभाच? — ऐक. अडखळली. पुन्हा सावरतेय बघ, ऑर्विलनंच बांधलीय ती, सहजासहजी नाही — हं. आता खोकतेय. लोखंडावर लोखंड. दातांना शिरशिरी येते ना?

झालं.

जा आता.