पंखाखाली मावत नाहीत

परंड्याला कुर्डुवाडीच्या मोटारीची वाट बघत मास्तरांची शामला पाठमोरी बसली होती खरी, पण तिचे कान मागच्या दोघींच्या बोलण्याला चिकटले होते.

“ताहेराबी, त्या विलायती अंड्यांतनं पिल्लं निघाली का?”

“समदी निघाली, कोंडाबाई! माझी गावरान खुडूक कोंबडी बसवली व्हती. आता पिल्लं आईच्या दुप्पट झाल्यात.”

“अगं बया! मग जुन्या कोंबड्यांना मारत असतील.”

“छ्या! लई गरीब जात. आईनं टोचलं की मान खाली घालत्यात. सांजेला अजून तिच्याच पंखाखाली शिरत्यात. आई पार वर उचलली जाती, पर पंख मिटत न्हाय!”

“ही आपली न्हाईत, हे तिला कळत नसंल?”

“कळंना का! ऊब तर तिचीच हाय.”

तेवढ्यात मोटार आली. मागोमाग उंचापुरा जाफर धावत आला आणि वाकून त्यानं ताहेराबीच्या पदराला घाम पुसला.

“किती येळा सांगितलं, उन्हाचं पळू नगंस!”

त्यानं मान खाली घातली आणि तिचं बोचकं उचलून पुढं गेला.

“ह्यो तुमच्या बहिणीचा ना?” कोंडाबाईनं हळूच विचारलं.

“जन्मापुरता.”