विमलामावशीचं गिळलेलं बोलणं

अकरा वाजून वीस मिनिटं — घड्याळ माह्याच हातात होतं म्हणून पक्कं सांगते, विमलामावशी. काल अकरा वीसपर्यंत मी तुमचं बोलणं बरोबर सांगितलं, आणि तिथून पुढं खोटं. बसा ना, उठता कायले. गाडी चाळीस मिनिटं लेट आहे, आत्ताच भोंग्यावर बोलली ती बाई. आपल्यासंगं आलेली पद्मिनी दीदी तुमच्यासाठी बिस्किटं पाहायले गेली, ती यायच्या आत मले हे सांगून टाकू द्या. आली तरी काय म्हणा, तिले मराठी येत नाही. माह्याशिवाय आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या, एकाही बाईले येत नाही, म्हणून तर तुमच्यावर ही पाळी आली. तलाव कसा वाचवायचा ते विचाराले समुद्राच्या काठावरून तुमाले इतक्या लांब बीरगांवले बोलावलं आणि तुमचं तोंड म्हणून उभं कोणाले केलं, तर मले.

उभं केलं म्हणजे, हात मीच वर केला होता. बिसाहिन दाई — त्या काल पचरीवर, तलावाच्या पायऱ्यांवर, तुमच्या बाजूले बसल्या होत्या ना, गोंडांची म्हातारी, सगळा पारा जिचं ऐकते — त्यायनं मागच्या आठवड्यात विचारलं, मराठी कोन जानथे? आणि माहा हात वर. मी सातवी पास. सासरी आठवी सांगितली होती, ते जाऊ द्या. चार दिवस मी स्वयंपाकघरात गॅसच्या हंडीपुढं, सिलिंडरपुढं, उभी राहून सराव केला — "मौसी कह रही हैं की" — पोट्टी म्हणे, मम्मी हंडीशी काहून बोलून राहिली. लग्नातली साडी काढली. घडीत पडून पडून इतकी कडक झाली होती की बसल्यावर ती बसत नव्हती, मी बसली तरी ती उभीच. तुमी पाहून हसल्या, मले समजलं.

तुमची मराठी अर्धी समजन का नाही याची भीती होती. नाही समजली असती तर बरं झालं असतं — सगळी समजली. तुमी तिवरांचं बोलल्या, खाडीत चिखलात उभी असतात ती झाडं, त्यायच्या मुळाशी खेकडे राहतात, मासोळीचे पिल्लं राहतात, ते मी बरोबर सांगितलं ना? हव, सांगितलं. अंडी घालायच्या दिवसांत तुमच्या वारल्यांच्या बाया खाडीच्या तोंडाशी काठी रोवतात, चिंधी बांधतात, मंग कोणीच जाळं टाकत नाही, पाटीलही नाही — हे ऐकून आमच्या बाया एकमेकीकडं पाहून माना हालवू लागल्या, पाह्यलं ना तुमी? काहून की आमच्या तलावात बी खांब आहे. सरईच्या लाकडाचा, मधोमध. इकडं तलावाचं लग्न लावतात मावशी, खरंच, हळद लावून, वाजे लावून, आणि लग्न लागल्याशिवाय त्याचं पाणी चालत नाही. बिसाहिन दाईच्या आजेसासूनं लावलं होतं या तलावाचं. मी नागपूरकडची, मले पयले हसू आलं होतं. आता त्या खांबाले पाह्यल्याशिवाय मी पाणी बी भरत नाही. भरून तीनदा उकळते, ते वेगळं. पोट्टीच्या बाबतीत मी खांबावर बी भरोसा ठेवत नाही.

तर अकरा वीस. बिसाहिन दाईनं विचारलं, कारखान्याची राख टाकून तलाव बुजवून राहिले, आता काय करायचं? आणि तुमी सांगितलं. काय म्हणल्या, माह्या तोंडून ऐका, म्हणजे मी किती समजून गिळलं ते कळन. तुमी म्हणल्या — अर्ज आमी बी दिले, त्या अर्जात लोकायनं मासे बांधून नेले. मंग ओहोटीच्या टायमाले आमी बाया खाडी बुजवणाऱ्या मशीनपुढं चिखलात उभ्या राहिलो. आणि सगळ्यात पुढं ती, जिचा माणूस मशीनवर बसला आहे. दुसऱ्या बाईले तो हॉर्न मारन, शिवी देईन, पण घरच्या बाईपुढं त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मंग तुमी छातीले हात लावून म्हणल्या, माहाच पोरगा होता मशीनवर. तीन महिने माह्याशी बोलला नाही. बरोबर?

आणि मी काय सांगितलं. मी सांगितलं — मौसी कहत हे, कलेक्टर साहब ला आवेदन देवव, सब झन दसखत करव. म्हणजे अर्ज द्या, सगळ्या जणी सह्या करा. बस. तुमी पाच मिनिटं बोलल्या आणि माहं एका दमात झालं. तुमी माह्याकडं पाह्यलं, की एवढंच? मी म्हणलं, इकडच्या बोलीत लहान होते. बायायनं टाळ्या वाजवल्या. तुमाले वाटलं, तयार झाल्या. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पाणी बी भाषांतर करून टाकलं — म्हणलं, मौसीले गावाची आठवण आली.

काहून केलं? भीतीनं, दुसरं काय. मले भीती वाटाले कारण लागत नाही. हे घड्याळ पाहा ना, सजायले नाही घातलं. पोट्टीले, रुचिताले, खोकला झाला तवा डॉक्टर म्हणले की एका मिनिटात श्वास किती होतात ते मोजत जा. खोकला जाऊन पाच महिने झाले, मी अजून मोजून राहिली. जेवता जेवता मोजते. आता बी, तुमच्याशी बोलता बोलता, मांडीवर झोपली आहे तर — बत्तीस. ठीक आहे, बत्तीस चालते.

नाही, कारखानेवाल्यायले नाही भेली. तिथं एक मुन्शी आला होता ठेकेदाराचा, झाडाखाली उभा होता, पण त्याले कोण भेते, तो स्वतःच बिसाहिन दाईले पाहून बिडी लपवते. तसं नाही. आता तुमाले सांगतेच. आमच्या इकडं असं आहे मावशी — राख कारखान्याची, गाडी ठेकेदाराची, तलाव सगळ्यायचा, आणि स्टेअरिंगवर माहा नवरा.

हव. सुशीलच. तुमी ज्याच्या हातचा चहा काल घेतला तोच. इतवारी सुट्टी असते त्याले, म्हणून आज घरी झोपला आहे. वाईट नाही हो तो. म्हणते, मी खांबापासून दोन हात लांबच टाकतो — जसं काही खांबाले विचारूनच टाकते. घरी येते तवा पापण्यायवर राख राहते. मी दारातच त्याचा शर्ट झटकते, पोट्टीले आत कोंडून, आणि रात्री तेच डोकं तिच्या उशीवर. पाणी तीनदा उकळणारी बाई मी. नवरा कशात उकळू?

आणि त्याच्यापुढं उभं राहायचं. मी. राशनच्या लाईनीत मी पोट्टीले पुढं करते, की लहान लेकरू पाहून कोणी ढकलणार नाही. गाडी सुटली तर नोकरी सुटली, नोकरी सुटली तर किराया, किराया सुटला तर पुन्हा सासूच्या घरी जाऊन आठवीची हकीगत — सगळं माह्या डोक्यातून एका सेकंदात गेलं, अकरा वीसचे अकरा एकवीस बी नसन झाले. आणि सगळ्यायत पुढं ती, जिचा माणूस, हे वाक्य माह्या तोंडातून मीच सांगायचं? बायायच्या मधात? पंचवीस डोळे माह्याकडं वळले असते. पंचवीस कसे, एका काकूले मोतीबिंदू आहे.

हसा, हसा. पण पुढचं ऐका, मंग हसता का पाहा. ते आवेदन कोण लिहून राहिलं सांगा. मीच. सातवी पास ना. काल संध्याकाळपासून दोन पानं झाली, अक्षर चांगलं आहे माहं. आणि उद्या सोमवारी सकाळी सातले गाड्या पचरीच्या बाजूनं लागणार, सुशीलनंच सांगितलं जेवताना, म्हणे आता इकडली बाजू, दोन दिवसांचं काम. दोन दिवसांत खांब जाईन मावशी. कलेक्टर साहेबाच्या टेबलावर माहं चांगलं अक्षर पोचेस्तोवर तिथं विकायच्या प्लॉटचे दगड लागून राहतील. आणि बाया घरी बसल्या आहेत, निवांत, काहून की समुद्रावरून आलेल्या बाईनं सांगितलं आवेदन द्या. तुमचं नाव घेऊन बसल्या आहेत. माहं नाही, तुमचं. रात्री हे समजलं मले. मी एवढी भेकड, आणि माहा भेकडपणा तुमच्या नावावर चालून राहिला.

काय? नाही, सुशीलले नाही सांगितलं. त्याले विचारू का पयले? — हव, तुमी कालच म्हणल्या होत्या, पोराले विचारलं असतं तर उभी राहिली नसती. ते बी गिळलं मी. बिसाहिन दाईकडं जाऊ इथूनच? जाते. दाई मले पचरीवरून ढकलून देईन. देऊ दे, पाणी कमरेएवढंच राह्यलं आहे. म्हणन, बेटी, का करे तैं हा. काय केलंस. आणि मंग बायायले बोलवन, मी ओळखते त्यायले, दहा मिनिटांत सगळ्या जमतील. फक्त सात वाजता पाय उचलन का माहा, तेवढं सांगता येत नाही. मी मले ओळखते ना. सहा पन्नासले पोट्टीचे श्वास मोजत बसन, चौतीस निघतील, म्हणन आज नको.

तो भोंगा ऐका — आपलीच गाडी. चाळीस म्हणले होते आणि पंचवीसमधीच आली, चांगल्या कामालेच लेट होत असन. पद्मिनी दीदी येऊन राहिली तिकडून. पिशवी द्या इकडं, तुमी दांडी धरा, पायरी उंच आहे. अजून एक, मावशी, खाली वाका जरा. तुमी उद्या दुपारी पोचान. तोवर सात वाजून गेले राहतील. तुमच्या बायायले जाताच सांगा, बीरगांवच्या बाया राखेच्या गाडीपुढं उभ्या राहिल्या. राहणार आहेत म्हणू नका — राहिल्या म्हणा. मी काल तुमच्या नावानं खोटं बोलली, आता माह्यापायी तुमी बी खोट्या पडाव्या, एवढं माह्याच्यानं होणार नाही, मंग सातले पाय उचलावाच लागन. पुढं कोण होती विचारतील त्या. ड्रायव्हरची बायको होती म्हणा. नाव नका सांगू.

नाही. सांगा. पिंकी म्हणा. सांगा बरं, मावशी, पोचल्या पोचल्या —